पाकीट पडलं तर परत मिळेल का? आपल्या खान्देशातल्या भरवशाविषयी

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

गेल्या मंगळवारी चाळीसगाव स्टेशनाबाहेर माझं पाकीट पडलं. आत बाराशे चाळीस रुपये, आधार, एटीएम कार्ड आणि देवीचा घडी पडलेला फोटो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "गेलं समजा." आई म्हणाली, "येईल. कोणीतरी आणून देईल." दोघी एकाच घरात राहतात, एकाच रस्त्यानं बाजारात जातात, आणि उत्तरं ही अशी.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइल चाळत होतो, तर नेमका हाच प्रश्न समोर आला. २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघतो. २०२५ च्या अहवालात पाकिटाचा विषय आहे. तुमचं पाकीट शेजाऱ्याला, अनोळखी माणसाला किंवा पोलिसाला सापडलं तर परत मिळेल का, असं लोकांना विचारलेलं. 'मिळेल' म्हणणारे जिथे जास्त, तिथले लोक आपल्या आयुष्यालाही जास्त गुण देतात. त्यात फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला, १४७ देशांत आपण ११८ वे. गंमत अशी की खरोखरची पाकिटं पाडून पाहिली तेव्हा लोकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त परत आली.

मला खरं लागलं ते त्याच्या पुढचं. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जॉन हेलिवेल बरीच वर्षं सांगत आलेत की लोकांचा एकमेकांवर भरवसा असला की समाज संकटात कमी खचतो. २००८ मध्ये आइसलंडच्या बँका बुडाल्या, तरी तिथल्या लोकांचं समाधान फारसं उतरलं नाही. ग्रीसमध्ये मात्र पार खाली गेलं. कोरोनातही एकमेकांवर आणि सरकारवर विश्वास असलेल्या देशांत माणसं तुलनेनं कमी दगावली.

हे वाचताना मला ३१ ऑगस्ट २०२१ आठवला. रात्रभर कोसळलेला पाऊस, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या चाळीसगावात शिरलेल्या, कन्नड घाटात दरडी. आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. ज्या शेजाऱ्याशी बोळीतल्या भिंतीवरून माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्या गच्चीवर माझी आई पहिल्या तासातच जाऊन बसली होती. त्यानंच हात धरून नेली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता प्रश्न. हा भरवसा आधीपासून असतो आणि पुरात फक्त दिसतो, की पुरापुरता उगवतो आणि चिखल वाळला की संपतो? (भिंतीचं भांडण पुन्हा सुरू झालंय, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

पाकीट अजून आलेलं नाही.

भरीत_पुरी

बाराशे चाळीस ना? चाळीस परत मिळतील.

शंकासूर

फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ७९ लाख भरतो. शिवाय तिकडे थंडीमुळे रस्त्यावर कुत्रं नसतं. पाकीट जिथे पडलं तिथेच राहणार, दुसरं काय होणार?

थट्टा सोडा. माझ्या वडिलांनी ३४ वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीची सगळी रक्कम जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत ठेवली. व्याज अर्धा टक्का जास्त होतं, पण कारण ते नव्हतं. तिथला माणूस आमच्या भाऊबंदकीतला, लग्नाकार्यात पुढे असणारा. "दादा, आपलीच संस्था शे," एवढं एकच वाक्य. वडिलांनी कागदसुद्धा वाचला नाही. ठेवपावती आजही कपाटात आहे, वडील नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्याच संस्थेच्या बंद शटरपुढे चाळीस-पन्नास म्हाताऱ्यांबरोबर उभा होतो. तिथे जमलेला प्रत्येक जण भरवसा ठेवणारा होता, गिरणाकाठ. न ठेवणारे बुडालेच नाहीत.

तेव्हा भरवशानं संकट पेलतं वगैरे ठीक आहे. आमच्यावर संकट आलं तेच भरवशानं.

केळीवाला_रावेर

शंकासूरशी अर्धा सहमत. आमच्या भागात जूनमध्ये वादळ येतं. घड लागलेली बाग वीस मिनिटांत आडवी. त्या दिवशी पहिला फोन व्यापाऱ्याचा येतो, "आबा, पडलेला माल लगेच काढा, गाडी पाठवतो." कागद नाही, सही नाही. पंचनामेवाले येईपर्यंत अर्धा माल परप्रांतात पोचलेला. भाव पाडून घेतो हे खरं. पण घेतो. अशा व्यापाऱ्याला भला म्हणायचं की चोर, हे आमच्या घरात तीस वर्षांत ठरलेलं नाही.

भुसावळची_हेलसिंकीत

माझ्या दोन्ही गावांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माहेर भुसावळ, रेल्वे क्वार्टर. इकडे येऊन अकरा वर्षं झाली.

पहिली गोष्ट, इथले लोक हसरे वगैरे मुळीच नाहीत. लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर दोघंही आकड्यांकडे बघत उभे राहतो. अहवालात 'तुम्ही खूश आहात का' असं विचारतही नाहीत. ० ते १० पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, तुमच्या मते सगळ्यात चांगलं आयुष्य वरच्या पायरीवर, सगळ्यात वाईट तळाला, तुम्ही कितव्या पायरीवर, असा प्रश्न असतो. फिनिश माणूस विचार करून साडेसात म्हणतो आणि कामाला लागतो.

दुसरी गोष्ट, हा भरवसा यांना आयता मिळालेला नाही. १९१८ मध्ये इथे यादवी झाली. ३० लाखांच्या आसपास वस्तीचा देश, त्यात काही महिन्यांत पस्तीस हजारांवर माणसं गेली, हजारो तर लढाई संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांत उपाशी मेली. सख्खे शेजारी समोरासमोर. आणि १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौज आली तेव्हा त्याच दोन्ही बाजूंची पोरं एका खंदकात होती. मधल्या २१ वर्षांत काय झालं? कुळांना जमिनी मिळाल्या. हरलेल्या बाजूच्या पक्षाला निवडणूक लढवता आली, १९२६ मध्ये तर त्याचं सरकार बनलं. म्हणजे जखमेवर नुसती फुंकर घातली नाही, सातबारा बदलला.

शंकासूर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. इथे लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात असं बाहेरून दिसतं, पण फसवलं तर जाब विचारणारं कोणीतरी आहे आणि ते वेळेत विचारतं, हे त्यांना माहीत असतं. आमच्या इमारतीखाली बॉम्बपासून वाचायचा आसरा आहे. असे आसरे देशात पन्नास हजारांवर, त्यांत ४८ लाख माणसं मावतात. एरवी आम्ही तिथे सायकली ठेवतो. प्रत्येक घरानं तीन दिवस पुरेल एवढं पाणी, अन्न, बॅटरी ठेवावी असं सरकार सांगतं आणि लोक ठेवतात. विश्वास आहे, म्हणून तयारी नाही असं नाही.

आणि 'ताल्कोत' नावाची भानगड आहे. वर्षातून एकदा-दोनदा इमारतीतले सगळे खाली उतरतात, पानं झाडतात, कुंपण रंगवतात. मजुरी नाही. काम झालं की एकत्र जेवण.

भरीत_पुरी

जेवायला काय असतं?

भुसावळची_हेलसिंकीत

वाटाण्याचं सूप.

भरीत_पुरी

म्हणून ते हसत नाहीत.

निवृत्त_मास्तर

साक्री तालुक्यातून लिहितो. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

गिरणाकाठ यांनी 'आधीपासून की पुरापुरता' असा प्रश्न घातला आहे. त्याला आमच्या पांझरेचं उत्तर आहे, पण ते फिनलंडइतकं लांब नाही म्हणून कोणी पाहत नाही. फड पद्धत. तीनशे-चारशे वर्षं जुनी समजतात. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं सगळं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, तिसऱ्यात भुसार, पुढच्या साली बदल. आणि प्रत्येक खातेदाराचा तुकडा होईल तितक्या प्रत्येक फडात.

आता मेख पाहा. पाऊस कमी झाला की पंच बसून ठरवणार, यंदा अमुक फड भिजणार नाही. झळ सगळ्यांना सारखी. वरच्यानं पाणी दाबून खालच्याला कोरडं मारायचं म्हटलं तर खालीही त्याचाच तुकडा वाळतो. शेतमालकानं पाण्याला हात लावायचा नाही, ते पाटकऱ्याचं काम. पिकाची राखण जागल्याकडे. सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांची सुरुवातीची कामं आमच्याच मुलखात झाली, दातर्तीचा सायफन त्यांचा. पण ते इंजिनियर यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या अक्षरशत्रू माणसांनी दुष्काळ वाटून घ्यायची रीत बसवली होती.

आमचे आजोबा पाटकऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवत. आणि जागल्याही ठेवत. त्यांना यात काही विसंगती वाटत नसे.

ही रीत कशानं मोडत गेली तेही सांगतो. भांडणांनी नाही. विहिरींना मोटरी बसल्या. ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो पंचांच्या बैठकीला यायचा बंद झाला. पैसेवाले आधी गेले, मग बैठकीत बसायला उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नाही असे.

जिभाऊ

मास्तर, मन्हा आजला पाटकरी व्हता. सख्खा भाऊले बी बारी पह्यले दिनी नही. भाऊ तीन वरीस बोलना नही. पन पानी कोनी चोरं नही.

शंकासूर

मास्तर, जागल्याचं पटलं. आमच्या पतसंस्थेत तोच नव्हता. म्हणजे हिशेब तपासणारा होता, पण तो संचालकांच्याच पंगतीला असायचा.

सातपुडी

ताल्कोत वाचून हसू आलं, कारण धडगावकडे आमच्यात याला 'लाह' म्हणतात. कुणाचं घर शाकारायचं असलं, शेत नांगरायचं असलं की तो सांगावा धाडतो, पाड्यावरची माणसं येतात, दिवसभर राबतात, रात्री तो जेवू घालतो. मजुरीचं नाव काढलं तर राग येतो. वही कोणी ठेवत नाही, पण कोण आलं नव्हतं हे सगळ्यांना पाठ असतं.

संकटाचं म्हणाल तर कोरोनातलं नंदुरबार सांगते. पहिली लाट ओसरत होती, सगळीकडे लोक सुटलो म्हणत होते, तेव्हा आमचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे केले. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल समाजातला मुलगा, डॉक्टर होऊन कलेक्टर झालेला. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये मोठमोठ्या शहरांत नळकांड्यांसाठी रांगा होत्या, तेव्हा नंदुरबारला ऑक्सिजन होता आणि बाहेरचे रुग्ण आमच्याकडे येत होते. आयुष्यभर आम्ही उपचाराला सुरतेला पळालो, त्या वर्षी उलटं झालं.

पण पूर्ण गोष्ट ऐका. ऑक्सिजनला कोणाचा भरवसा लागत नाही, नळी लावली की तो जातो. लसीला लागतो. माझी बहीण आशा कार्यकर्ती आहे. लस आली तेव्हा पाड्यावर गाडी दिसली की लोक डोंगरात. सुई घेतली की माणूस मरतो, अशी बातमी पसरलेली. मोठे अधिकारी आले, समजावून गेले, कोणी बधलं नाही. मग बहिणीनं सगळ्यांसमोर आमच्या आईला टोचून घेतलं. आई चार दिवस धडधाकट फिरली, मुद्दाम सगळ्यांच्या दारांवरून. पाचव्या दिवशी अकरा जणी आल्या. त्या सरकारवर विश्वास ठेवून आल्या नाहीत. आईवर ठेवून आल्या.

भुसावळची_हेलसिंकीत

सातपुडी, तुमच्या आईंना माझा दंडवत.

कोथरूडचा_जळगावकर

भुसावळचा विषय निघाला आणि उन्हाचा नाही, हे बरं नव्हे. पुण्यात बसून वाचलेलं सांगतो. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, ७३९ माणसं जास्तीची मेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल. दोन्ही गरीब, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही मिळतंजुळतं. एकीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४.

फरक काय, तर दुसरीत रस्त्यावर दुकानं, बाजार, वर्दळ. म्हातारे घरातून निघून दुकानाच्या गारव्यात जाऊन बसले. पहिलीत ओस प्लॉट, बंद दुकानं, गुंडगिरीची धास्ती. लोक दारंखिडक्या लावून आत बसले आणि आतच गेले.

आमचं जळगावचं जुनं घर गावठाणात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पण आजी दुपारी समोरच्या किराणा दुकानात जाऊन बसायची, मालक माठातलं पाणी द्यायचा. आता आईवडील कॉलनीत राहतात. कूलर, एसी सगळं आहे. समोरच्या बंगल्यातलं कोण कधी आजारी पडलं ते आम्हाला व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजलीचं चित्र आल्यावर कळतं. मास्तरांची मोटर बसलेली विहीर वाचली आणि मला आमचा एसी आठवला.

केळीवाला_रावेर

कोथरूडकर, आईवडिलांना जळगावात ठेवून कॉलनीच्या नावानं रडू नका. या की परत.

कोथरूडचा_जळगावकर

लागलं. पण बरोबर आहे.

पांझराकाठ

सगळे गोड बोलताहेत, म्हणून कडू मी लिहितो. १ जुलै २०१८, राईनपाडा, मास्तरांचाच साक्री तालुका. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, सोलापूरकडचे. जमावानं त्यांना मारून मारून ठार केलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत.

त्या जमावाचा एकमेकांवर भरवसा नव्हता असं कोण म्हणेल? कोणीतरी हाक दिली आणि सगळे धावले. 'आपली पोरं' म्हणून धावले. याला एकोपा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? धागाकर्त्यानं तीन माणसं सांगितली, शेजारी, अनोळखी आणि पोलीस. आपण इथे सगळे पहिल्याबद्दल बोलतोय. भाऊबंद, पाडा, गल्ली. त्या पाच जणांना मधल्या माणसाचा भरवसा हवा होता, आणि तो आपल्याकडे नव्हता.

जिभाऊ

(काय लिखू. वाचं.)

निवृत्त_मास्तर

पांझराकाठ, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. त्या दिवसानंतर आमच्या तालुक्याचं नाव सांगताना जीभ अडखळायची.

समर्थन म्हणून नाही, पण याच तालुक्यात बारीपाडाही आहे. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल लोकांनी राखून वाढवलं. तोडीला बंदी घातली ती आधी स्वतःवर, मग बाहेरच्यांवर. तिथे वनभाजी महोत्सव होतो. रानभाज्या रांधून आलेल्या-गेलेल्याला जेवू घालतात, त्यात निम्मे अनोळखी असतात. एकाच तालुक्यात अनोळखी माणसाला दोन तऱ्हेनं भेटलेली दोन गावं आहेत. का, ते मला पुरतं उमगलेलं नाही. बारीपाड्याला बाहेरच्या माणसाशी व्यवहार करायची सवय बरीच वर्षं होती, एवढंच दिसतं.

अमळनेरी_सून

मास्तर, व्यवहाराची सवय हे मला पटतं. घरातलं सांगते.

आमच्याकडे कानबाई देवीचे रोट असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरातल्या माणसांगणिक गहू मोजून घेतात, भाऊबंदकीतले सगळे एका घरी जमतात. माझे दोन चुलत सासरे शेताच्या बांधावरून कोर्टात आहेत, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून. पण रोटांना दोघं एका पंगतीत. बोलत नाहीत. एक वाढतो, दुसरा "बस" म्हणतो. २०२१ मध्ये धाकट्यांना कोरोना झाला तेव्हा डबा थोरल्यांच्या घरून गेला, चौदा दिवस. त्या एका 'बस'मुळे दार उघडं राहिलं होतं असं मला वाटतं. वर्षभर अजिबात संबंध नसता तर डबा घेऊन जायचं कोणाला सुचलं असतं?

पण पांझराकाठ म्हणतात तेही तिथेच आहे. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला देत नाहीत. मी सून असून पहिल्या वर्षी मला नियम समजावून सांगायला तीन जावा बसल्या होत्या.

अवांतर: १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. गावात ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी १९८० साली विकले आणि स्कूटर घेतली. स्कूटर अजून अंगणात आहे. सासूबाई दर दिवाळीला तिच्याकडे बघून एकदा उसासा टाकतात.

शंकासूर

ताई, तुमच्या सासऱ्यांनी भरवसा ठेवला नाही म्हणून बुडाले, माझ्या वडिलांनी ठेवला म्हणून. आता आम्ही नातवंडांना काय शिकवायचं?

अमळनेरी_सून

स्कूटर चालवायला.

भरीत_पुरी

स्कूटरवरून आठवलं. थंडी पडायला लागली. कोणाच्या शेतात भरीत?

केळीवाला_रावेर

वांगी बामणोदची असली तरच बोला. काटक्यांवर भाजलेली. गॅसवर भाजून 'खान्देशी भरीत' म्हणणाऱ्यांनी हा धागा सोडावा.

कोथरूडचा_जळगावकर

मी गॅसवर भाजतो. सोडतो धागा.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

थांबा, थांबा. पाकीट आलं.

काल संध्याकाळी एक रिक्षावाला घरी देऊन गेला. आधारवरचा पत्ता बघून आला होता. म्हणाला, स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवाल्यानं दिलं, घर या बाजूला आहे म्हणून. आधार आहे, एटीएम कार्ड आहे, देवी आहे. बाराशे गेले. चाळीस आहेत.

भरीत_पुरी, मंगळवारी तुम्ही कुठे होता?

आई म्हणाली, "बघ, आलं." बायको म्हणाली, "बघा, गेले." मी आज टपरीवर गेलो. टपरीवाला म्हणाला, "माझ्याकडे एक पोरगा असंच देऊन गेला, मी उघडून पत्ता पाहिला तेवढाच." चहा प्यायलो. त्याच्या तोंडाकडे बघत होतो. खरं बोलतोय की खोटं, काही कळलं नाही. चहाचे दहा रुपये दिले, त्या चाळिसातलेच. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नव्हतं, त्याला शोधतोय.

आता मंडळी सांगा, हे परत मिळालं धरायचं की नाही?

शंकासूर

अर्धा गुण.

भुसावळची_हेलसिंकीत

२०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांवर पाकिटं. सगळ्यांना वाटलं होतं की पैसे जास्त असले की लोक ठेवून घेतील. झालं उलटं. बहुतेक देशांत जास्त पैशांची पाकिटं जास्त परत आली, कारण तेवढे पैसे ठेवले तर आपण चोर, असं माणसाला स्वतःलाच वाटतं.

शंकासूर

म्हणजे बाराशे कमी पडले. गिरणाकाठ, पुढच्या वेळी बारा हजार पाडा.

पांझराकाठ

चौघांच्या हातातून गेलं. पोरगा, टपरीवाला, रिक्षावाला, आणि ज्यानं पैसे काढले तो, किंवा तो या तिघांतलाच एक. निदान दोघांनी तरी स्वतःचा वेळ घालवून एका अनोळखी माणसाच्या घरापर्यंत ते पोचवलं. मी 'मिळालं' धरतो. परवा कडू मी लिहिलं होतं, म्हणून हेही मीच लिहितो.

सातपुडी

रिक्षावाला सापडला की त्याला विचारा, का आणून दिलं. बहुतेक "असंच" म्हणेल.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सापडला. विचारलं. "रस्त्यावरच होतं तुमचं घर" म्हणाला. रस्त्यावर नाहीये. पैसे घेत नव्हता, मग दोघांनी वडापाव खाल्ला.

अवांतर: वडापाव खाताना तिकडून भिंतवाला शेजारी आला. त्याला पाकिटाची गोष्ट आधीच कळली होती. कशी, देव जाणे.

केळीवाला_रावेर

भरिताचं ठरलं का? पुढच्या रविवारी माझ्या मळ्यात या. वांगी मी आणतो, पुऱ्या आणि तेल वर्गणीतून. माणशी दीडशे. वर्गणी कोण गोळा करणार?

भरीत_पुरी

शंकासूर. त्यांचा कोणावर भरवसा नाही, पैसे सांभाळतील.

शंकासूर

सांभाळतो. एका अटीवर, हिशेब जिभाऊंनी तपासायचा. आणि पतसंस्थेत ठेवणार नाही.

कोथरूडचा_जळगावकर

मी आईबाबांना घेऊन येतोय. तीन माणसं धरा. पैसे आधी पाठवू की तिथे?

शंकासूर

तिथेच द्या.

जिभाऊ

हिसाब तपासू. पह्यले भरीत खाऊत.